युरिया-डीएपी ब्रिकेट: पीक जोमदार, पण दाण्यात काय उतरतं?

खताचा अनुभव सांगणारे बहुतेक जण एकरी उताऱ्यापाशी थांबतात. गोण्या किती टाकल्या, पोती किती भरली, झालं. मला तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण आमच्या घरात भात पिकवणारी मी आणि शिजवणारीही मीच. पुणे जिल्ह्यातल्या नाणे मावळात आमची खाचरं आहेत. इंद्रायणी लावतो, घरापुरता तांदूळ ठेवतो आणि बाकीचा पुण्या-पिंपरीच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना देतो. त्यातली बरीच घरं लहान मुलांची आहेत, दोन्ही वेळा भात खाणारी. म्हणून युरिया-डीएपी ब्रिकेट वापरायला लागले तेव्हापासून माझा प्रश्न एकच होता: या खतानं दाणे जास्त येतील हे खरं, पण त्या दाण्यात पोटाला लागणारं काय वाढतं आणि काय वाढत नाही?

ज्यांनी ही गोळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ६० टक्के युरिया आणि ४० टक्के डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही देणारं दाणेदार खत) यंत्रात दाबून ही सुपारीएवढी गोळी करतात. एकीचं वजन २.७ ग्रॅम. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीतलं हे चौथं सूत्र. पहिलं सूत्र भाताच्याच तुसाचा आणि काडाचा फेरवापर. तुसाची काळी राख रोपांच्या गादीवाफ्यात मिसळली की रोपाला सिलिका मिळते आणि रोप कणखर होतं. दुसरं गिरिपुष्पाचा, म्हणजे ग्लिरिसिडियाचा पाला, गुंठ्याला ३० किलोच्या हिशेबानं. फांद्या चिखलणीआधी आठवडाभर खाचरात पसरून ठेवायच्या, पानं गळली की काटक्या उचलून घ्यायच्या आणि चिखलणी करायची. तिसरं दोरीवरची नियंत्रित लावणी. आणि मग ही गोळी. आमच्या भागात पुष्कळ जण पहिली दोन सूत्रं सोडून देतात आणि फक्त गोळी उचलतात. गोळी तरीही काम करते, पण मी खाली जे लिहिलंय ते गिरिपुष्प घातलेल्या खाचराचं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण नेमकी आहे. नायलॉनच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा करायच्या आणि त्या खुणांवर चूड, म्हणजे रोपांचे झुपके, लावायचे. त्यामुळे चार चुडांचा एक छोटा चौकोन पडतो. त्या चौकोनाच्या बरोबर मध्ये एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. माझी तर्जनी जवळजवळ अख्खी चिखलात जाते तेव्हा ती खोली गाठली जाते. गोळी सोडली की बोट तसंच ओढून काढायचं नाही, बाहेर येता येता बाजूचा चिखल त्या भोकावर लोटून ते बुजवायचं. बुजलं नाही तर पाणी थेट गोळीपर्यंत जातं, ती तिथंच विरघळून वर येते, मग एवढ्या वाकण्याला काही अर्थ उरत नाही. हे सगळं लावणीच्याच दिवशी करायचं, खाचरात पाणी जेमतेम चिखल झाकेल एवढं ठेवून. गुंठ्याला ६२५ गोळ्या बसतात, एकराला २५ हजार. वजन केलं तर ६८ किलोच्या आतच.

आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, अजून बरीचशी इर्जिकीवर, एकमेकींच्या शेतात आळीपाळीनं राबून चालते. बायका सरळ रांगेत लावायला आधी कुरकुरतात. "दोरीनं हात बांधल्यासारखा होतो," हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच. पण हात बसला की रांग भराभर पुढे सरकते. गोळ्या खोचणारी मात्र वेगळी बाई लागते, आणि तिला रबरी हातमोजे द्याच. ओल्या हातानं तासन् तास युरिया हाताळला की बोटांची आग होते, नखांच्या कडा सोलतात. गोणीवर याची सूचना कुठेही नाही. ती असायला हवी.

आता हिशेब. हेक्टरी धरलं तर या गोळ्यांमधून सुमारे ५८ किलो नत्र (नायट्रोजन) आणि ३१ किलो स्फुरद (फॉस्फरस) जातं. सुधारित भातासाठी नेहमीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश (पोटॅश) अशी, आणि त्यातलं नत्र हप्त्याहप्त्यानं द्यायचं. म्हणजे गोळीत नत्र चाळीस टक्क्यांनी कमी जातं आणि एकदाच जातं. तरी पीक मागे पडत नाही, उलट पुढेच राहतं. कारण मावळचा पाऊस. फेकलेला युरिया साठलेल्या पाण्यात विरघळतो, त्याचा मोठा वाटा अमोनिया होऊन हवेत जातो आणि रात्रीत पाऊस कोसळला की उरलेला बांधावरून खालच्या खाचरात. खोल पुरलेल्या गोळीतून निघणारं अमोनियम चिखलाच्या हवा नसलेल्या थरात धरून राहतं आणि मुळं लागेल तसं ते उचलतात. बांगलादेशातले शेतकरी याच तत्त्वावर नुसत्या युरियाची गोळी वापरतात, तिकडे तिला गुटी युरिया म्हणतात.

खाचरात फरक डोळ्यांना दिसतो. फेकलेल्या युरियाचं भात आठवडाभरात गडद हिरवं होतं आणि थोड्याच दिवसांत फिकं पडायला लागतं. गोळीचं भात सावकाश रंग धरतं, पण पोटरीपर्यंत, म्हणजे लोंबी पोटात धरेपर्यंत, तो रंग सोडत नाही. फुटवे एकसारखे येतात. लोंबीलगतचं शेवटचं पान उशिरापर्यंत हिरवं राहतं. पौष्टिकतेची गोष्ट इथूनच सुरू होते.

दाण्यातली प्रथिनं म्हणजे शेवटी नत्रच. फुलोरा झाल्यावर पानांत साठलेलं नत्र हळूहळू दाण्याकडे वळतं, आणि तोवर जमिनीत काही शिल्लक असेल तर तेही मुळांवाटे येऊन मिळतं. त्यामुळे भाताला नत्र वाढवलं, विशेषतः पोटरी ते निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) काळात दिलं, की तांदळातली प्रथिनं वाढतात. हे जुनं आणि पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे. जिथं नत्र सुरुवातीलाच संपून जातं तिथं दाणा स्टार्चनं भरतो, प्रथिनं बेताचीच राहतात. गोळी नत्र उशिरापर्यंत पुरवते, म्हणून या बाबतीत ती फेकलेल्या युरियापेक्षा उजवी ठरते.

याचा दुसरा फायदा गिरणीत दिसतो. कामशेतच्या बाजूला आम्ही भात भरडायला नेतो. गोळी घातलेल्या आणि युरिया फेकलेल्या खाचरांचं भात मी वेगळं भरडून घेते, गिरणीवाले दादा वैतागले तरी. गोळीच्या भाताची कणी कमी पडते. दाणा कठीण असतो, पोटात पांढरा खडूसारखा डाग असलेले दाणे कमी दिसतात, आणि असेच दाणे गिरणीत आधी फुटतात. प्रथिनं जास्त असलेला तांदूळ दळण सोसतो, हे गिरणीवाल्यांनाही ठाऊक असतं, फक्त ते त्याला "दाणा कडक हाय" एवढंच म्हणतात. अख्खा तांदूळ जास्त मिळाला की विकायला जास्त, आणि भाव कणीला नसतो, अख्ख्याला असतो.

पण चुलीवर गोष्ट वेगळी. इंद्रायणी ही आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेली जात, १९८७ साली ती शेतकऱ्यांना मिळाली. तिची ओळख म्हणजे वास आणि आसटपणा. वरण-भात कालवला की घास आपोआप वळला पाहिजे. नत्र चढलेल्या तांदळाचा भात मोकळा होतो, थोडा टणक लागतो, शिजायला पाणीही जास्त मागतो, कारण प्रथिनं स्टार्चच्या कणांभोवती असतात आणि ते कण फुगायला वेळ लागतो. सासूबाईंनी पहिल्याच घासाला ओळखलं. म्हणाल्या, "भात झालाय चांगला गं, पण हाताला धरत नाही." त्याच सुमारास पिंपरीच्या एका ताईंचा फोन आला, "वहिनी, इंद्रायणीच आहे ना ही? यंदा मोकळी होतेय." मी त्यांना दर वाटीला अर्धी वाटी पाणी वाढवायला आणि तांदूळ अर्धा तास भिजवायला सांगितलं. त्यानं फरक पडतो. पण त्यांच्या बोलण्यातली शंका रास्त होती, आणि मला ती महत्त्वाची वाटते. जपानात चवीच्या तांदळासाठी शेतकरी उशिराचं नत्र मुद्दाम आवरतात, प्रथिनं कमी राहावीत म्हणून. चव आणि प्रथिनं इथं एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात.

मग पौष्टिकतेसाठी चव सोडावी का? मी आकडे मांडून बघितले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांप्रमाणे पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं असतात. समजा खतामुळे त्यात १०० ग्रॅममागे एका ग्रॅमची भर पडली. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या माणसाला त्यातून ३ ग्रॅम प्रथिनं जास्त मिळतील. मूठभर तुरीच्या डाळीत याच्या दुपटीहून अधिक असतात. तांदळाच्या प्रथिनांचा दर्जा धान्यांमध्ये चांगला मानतात, लायसिन हा प्रथिनांतला महत्त्वाचा घटक गव्हापेक्षा जास्त असतो, हे सगळं बरोबर. पण शेतात युरिया वाढवून मुलांना प्रथिनं देऊ, हा हिशेब जुळत नाही. आमच्या शेजारी काही जण गोळी घातल्यावरही पोटरीला आणखी युरिया फेकतात. दाण्यात प्रथिनं थोडी वाढत असतीलही, पण भात लोळतं, करपा रोग येतो आणि इंद्रायणीचं इंद्रायणीपण कमी होतं. मी ते करत नाही. गोळीनंतर वरून नत्र नाही, हा आमच्या घरचा नियम आहे, आणि तो पाळला तर भात पुरेसा आसटही राहतो.

ज्यांना प्रथिनंच हवीत त्यांच्यासाठी वेगळ्या जाती आहेत. कटकच्या राष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेची सीआर धान ३१० ही दहा टक्क्यांहून जास्त प्रथिनांची जात आहे. खतानं ढकलत बसण्यापेक्षा बियाण्यातूनच ते आलेलं बरं.

माझी खरी तक्रार गोळीत जे नाही त्याबद्दल आहे, आणि ते म्हणजे जस्त, अर्थात झिंक.

भाताला जस्ताची कमतरता लवकर जाणवते, कारण सतत पाणी तुंबलेल्या जमिनीत जस्त मुळांना मिळेनासं होतं. पंतनगरला डॉ. वाय. एल. नेने यांनी १९६६ साली भाताचा खैरा रोग हा जस्ताच्या अभावानं होतो हे दाखवून दिलं, तोपर्यंत पानांवरचे ते गंजासारखे डाग कुठल्या रोगजंतूचे असतील असाच समज होता. आमच्या मातीचा अहवाल काढला तेव्हा जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली निघालं, म्हणजे कमतरतेच्या रेषेखाली. आणि जे पिकाला कमी पडतं ते खाणाऱ्यालाही कमी पडतं. त्याच पोषण तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पॉलिश तांदळात जस्त जेमतेम सव्वा मिलिग्राम. ३०० ग्रॅम खाल्ला तरी साडेतीन मिलिग्रामच्या आसपास, आणि बाईला दिवसाला १३ मिलिग्रामच्या आसपास लागतं. मुलांची वाढ, जखम भरणं, वारंवार होणारी हगवण, या सगळ्याशी जस्ताचा संबंध आहे. भातखाऊ घरात हा खड्डा वरण-भातानं भरत नाही.

गोळी इथं मदत करत नाही, आणि तिच्यातला डीएपी तर थोडा आडवाही येतो. स्फुरद जास्त झालं की मुळांकडून जस्त कमी उचललं जातं. शिवाय दाण्यातलं बहुतेक स्फुरद फायटेट म्हणून साठतं, आणि फायटेट पोटात जस्ताला आणि लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे खाल्लेल्यातलंही कमीच अंगाला लागतं. दाण्यात स्फुरद जितकं वाढेल तितकं फायटेटही वाढतं. गोळीच्या बाजूनं एवढं सांगते की तिच्यात स्फुरद हेक्टरी ३१ किलो आहे, शिफारशीतल्या ५० पेक्षा कमीच. खरा धोका तेव्हा आहे जेव्हा लोक गोळीही घालतात आणि चिखलणीला डीएपीची गोणीही रिकामी करतात. आमच्या गावात हे सर्रास चालतं. मातीच्या अहवालात स्फुरद भरपूर असेल तर गोणीला हात लावू नका.

मग जस्त द्यायचं कसं? इथं मी जे शिकले ते कुठल्याही गोणीवर छापलेलं नाही. चिखलणीला एकरी १० किलो झिंक सल्फेट टाकलं तर कमतरता असलेल्या जमिनीत पीक सुधारतं, फुटवे वाढतात, उतारा वाढतो. पण दाण्यातलं जस्त त्यानं फारसं वाढत नाही. चीन, भारत, लाओस, थायलंड आणि तुर्कस्तान अशा देशांत एकत्र घेतलेल्या चाचण्यांत हेच दिसलं: जमिनीतून दिलेल्या जस्तानं दाण्यात नगण्य फरक, आणि फुलोऱ्याच्या पुढे-मागे पानांवर फवारलेल्या जस्तानं बिनपॉलिश तांदळात सुमारे पाव हिश्शानं वाढ. म्हणून मी दोन्ही करते. जमिनीतलं पिकासाठी आणि फवारणी खाणाऱ्यांसाठी.

फवारणीचं माप असं: १६ लिटरच्या पंपाला २१ टक्क्यांचं झिंक सल्फेट ८० ग्रॅम आणि विझवलेला चुना ४० ग्रॅम. चुना वेगळ्या बादलीत कालवायचा, निवळी गाळून घ्यायची आणि मगच पंपात, नाहीतर नोझल तुंबतं. चुना टाळला तर पानांची टोकं जळतात. पहिली फवारणी निसवून झाल्यावर, दुसरी दाणे दुधात असताना. वेळ संध्याकाळची, कारण भाताची फुलं सकाळी उमलतात आणि त्या वेळी पाणी मारलं तर फळधारणेला बाधा येते. डीएपीचं पाणी आणि झिंक एका टाकीत कधीच नाही, त्यांचा साका होऊन खाली बसतो आणि दोन्ही वाया जातात. एवढं करायला खर्च फार नाही, पण परतीच्या पावसात दोन कोरड्या संध्याकाळी मिळणं हीच खरी अडचण. मारल्यावर दोन-तीन तासांत सर आली तर फवारा धुऊन निघतो.

त्यानंतर उरते गिरणी, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. खतानं, फवारणीनं महिनोन् महिने जे दाण्यात घातलं त्यातलं बरंच डबल पॉलिशच्या फेऱ्यात कोंड्याबरोबर जातं. बिनपॉलिश तांदळात जीवनसत्त्व ब-१ पॉलिशच्या सुमारे पाचपट असतं. लोह मुख्यतः वरच्या थरात असतं, त्यामुळे त्याचा मोठा भाग कोंड्यात जातो. जस्त मात्र दाण्याच्या आतही उतरलेलं असतं, म्हणून पॉलिशनंतरही त्याचा बराच भाग टिकतो. याच कारणानं मला लोहाच्या फवारणीपेक्षा जस्ताची फवारणी शहाणपणाची वाटते. फायटेटही कोंड्याच्या थरातच जास्त असतं, तेव्हा बिनपॉलिश तांदूळ भिजवून शिजवावा, आणि आंबोळीला, घावनाला पीठ आंबवून घेतलं तर आणखी उत्तम, आंबवताना फायटेट फुटतं. गिऱ्हाइकांना मी आता सिंगल पॉलिशच देते. रंग जरा मळकट दिसतो. ज्यांना पांढरा शुभ्र हवा त्यांना मी स्पष्ट सांगते की आमच्याकडे मिळणार नाही. आमच्या म्हशीला डबल पॉलिशचा कोंडा घालण्यात तिचा फायदा आहे, तुमच्या मुलांचा नाही.

"सेंद्रिय आहे का?" हा प्रश्न मला दर हंगामात येतो. उत्तर देते: नाही, गोळी घालतो, पाला घालतो, शेणखतही घालतो. कीटकनाशकांबद्दल विचारणाऱ्यांचं मला समजतं, ती चिंता खरी आहे. पण सेंद्रिय म्हणून तांदूळ आपोआप जास्त पौष्टिक असतो हे मला पटत नाही. नुसत्या शेणखतावरच्या भाताला बहुधा नत्र कमी मिळतं, त्यामुळे प्रथिनंही कमीच असतात, आणि त्यामुळेच तो मऊ, चवीला गोड लागतो. तो चवीसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पौष्टिकतेसाठी घ्यायचा असेल तर शेतकऱ्याला दोन प्रश्न विचारा: मातीत जस्त किती आहे, आणि पॉलिश किती मारलं.

आता गोणीबद्दल. मी घेतलेल्या एका गोणीत तळाशी बराच चुरा निघाला. गोळ्या नीट दाबल्या गेल्या नव्हत्या की साठवणीत ओल लागली, कुणास ठाऊक, पण चुरा खोचता येत नाही आणि फेकला तर गोळीचे पैसे देऊन साध्या युरियाचं काम होतं. दुकानदारानं बदलून दिली नाही. दुसऱ्या उत्पादकाच्या गोळ्या टणक होत्या, वजनाला एकसारख्या, चिमटीत दाबून फुटल्या नाहीत. म्हणजे दोष कल्पनेत नाही, बनवणाऱ्यात आहे. युरियाला हवेतली ओल खेचायची सवय असल्यानं आवणीच्या दमट दिवसांत गोणी एकदा उघडली की दोन दिवसांत संपवा किंवा आतली पिशवी घट्ट बांधून ठेवा. भाव सांगायचा तर कडुनिंब लावलेल्या युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी दरानं २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्या मानानं गोळी किलोला बरीच महाग पडते, कारण त्यात डीएपी आहे आणि दाबायची मजुरीही आहे. पण एकराला ६८ किलोतच काम भागतं आणि पुढे खत फेकायची मजुरी वाचते, म्हणून एकूण खर्च साधारण बरोबरीत येतो. पालाश यात नाही. ते आम्ही चिखलणीला वेगळं देतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अन्नपूर्णा ब्रिकेटमध्ये पालाशही असतं, आमच्याकडच्या दुकानांत ती अजून सहज मिळत नाही.

गोळी कुणी घेऊ नये तेही सांगते. पेरभात (लावणी न करता थेट पेरलेलं भात) करणाऱ्यांनी, ड्रम सीडर या पेरणीच्या अवजारानं पेरणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या खाचरात पाणी ठरत नाही अशा हलक्या, झिरपणाऱ्या जमिनीवाल्यांनी. तिथं नत्र खाली निघून जाईल. दोरीवर लावणी करायची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊच नका, कारण गोळीचा चौकोन चुकला की एका चुडाला मेजवानी आणि तीन उपाशी असं होतं. आणि गोळ्या घातल्यावर महिनाभर खाचरात कोळपं किंवा विनाकारण पाय घालू नका, चिखल हलला की गोळी हलते.

पीक म्हणून मी या गोळीला पाचपैकी साडेचार देईन. दाणा भरतो, कणी कमी, खत वाया जात नाही, ओढ्याचं पाणी खराब होत नाही. दाण्याच्या पौष्टिकतेसाठी अडीच. प्रथिनांमध्ये थोडी भर, जस्तात शून्य. खत नियंत्रण आदेशात २ टक्के जस्त असलेल्या युरियाला जागा आहे. मग आमच्या भागात गोळी बनवणाऱ्यांनी तिच्यात जस्त घालायचा विचार करायला काय हरकत आहे? दाण्यात फरक फवारणीनंच जास्त पडतो हे मान्य, पण निदान पिकाची भूक तरी गोळीतच भागेल आणि चिखलणीची एक फेरी वाचेल. हे मी आमच्या उत्पादकाला सांगून आले आहे, आणि कृषी सहायकांनाही.

घ्यायची असेल तर मागणी मे महिन्यात नोंदवा. जूनच्या शेवटी दुकानात फक्त चुरा झालेल्या गोण्या उरतात. घेताना एक गोणी उघडायला लावा, तळातून मूठभर गोळ्या काढून चिमटीत दाबून बघा, दहा गोळ्यांचं वजन २७ ग्रॅमच्या आसपास भरतं का ते दुकानातल्याच काट्यावर बघा, आणि बॅच नंबर लिहिलेली पक्की पावती घ्या.